दृष्टान्ताचा थरारपट आणि वऱ्हाडातील भाकितांची परंपरा

ज्या चित्रपटात नोकरीधंदा सांभाळून संसार करणारा एखादा साधा माणूस अचानक पुढे घडणाऱ्या किंवा पूर्वी घडून दडपल्या गेलेल्या गोष्टी ‘पाहू’ लागतो आणि त्या पाहण्याचा अर्थ लावता लावता स्वतःच संकटात सापडतो, त्या चित्रपटाला अतींद्रिय थरारपट म्हणता येईल. अतींद्रिय म्हणजे डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाच इंद्रियांच्या कक्षेबाहेरचे; थरारपट म्हणजे पुढे काय होणार या उत्कंठेवर उभी राहिलेली कथा. भयपटात भूत समोर येते आणि प्रेक्षक दचकतो, रहस्यपटात गुन्हा घडतो आणि त्याचा छडा लावणारा पुरावे गोळा करतो. अतींद्रिय थरारपटात मात्र छडा लावणाऱ्याच्या हाती पुरावा म्हणून केवळ स्वतःला झालेला भास असतो आणि तो भास खरा की डोक्यातला बिघाड, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. हा प्रकार परदेशी समजला जातो. प्रत्यक्षात ज्या भूमीत अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हजारो शेतकरी वर्षाचे भाकीत ऐकायला एका वावरात जमतात, त्या वऱ्हाडाला, म्हणजे पूर्वीच्या बेरार प्रांतातील अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम या जिल्ह्यांना, या चित्रपटप्रकाराचा गाभा अतिशय ओळखीचा आहे.

या प्रकाराचा नमुना म्हणून ‘स्टिर ऑफ एकोज’ हा १९९९ साली प्रदर्शित झालेला अमेरिकी चित्रपट पाहण्यासारखा आहे. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५८ च्या कादंबरीवरून डेव्हिड केप यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्याचा नायक टॉम विट्झ्की हा शिकागोतील टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारा कामगार आहे, आणि ही भूमिका केव्हिन बेकन यांनी केली आहे. भाड्याचे घर, बायको, एक लहान मुलगा, पोटात असलेले दुसरे मूल आणि आयुष्यात काहीच विशेष घडले नाही याची बोच, एवढाच त्याचा संसार. शेजारच्या एका मेजवानीत मेहुणी त्याला गंमत म्हणून संमोहित करते. संमोहन म्हणजे सूचनेच्या बळावर माणसाला अर्धजागृत, एकाग्र अवस्थेत नेणे. त्या रात्रीपासून त्याला घरात एक तरुण मुलगी दिसू लागते. त्याची तहान भागेनाशी होते, कामावर जाणे सुटते, आणि कोणीतरी आतून सांगत असल्यासारखा तो आधी अंगण आणि मग घराखालचे तळघर खणत सुटतो. त्या खणण्याचे दृश्य चित्रपटात फार हिशेबीपणाने घेतलेले आहे: कुदळ, धूळ, घाम, दारात उभी राहून घाबरलेली बायको, आणि आपण काय शोधतो आहोत हेही धड माहीत नसलेला नवरा. अखेर विटांच्या भिंतीमागे बेपत्ता मुलीचा मृतदेह सापडतो आणि गल्लीतल्या सभ्य म्हणवणाऱ्या कुटुंबांनी दडवलेला गुन्हा उघड होतो. त्याच वर्षी महिनाभर आधी आलेल्या ‘द सिक्स्थ सेन्स’च्या प्रचंड यशामुळे हा चित्रपट झाकोळला गेला, तरी सामान्य माणसावर कोसळलेल्या दृष्टान्ताचे चित्रण म्हणून तो अधिक प्रामाणिक आहे, कारण त्याचा नायक शेवटपर्यंत कामगारच राहतो आणि त्याचा महात्मा होत नाही.

याच घराण्यातील आणखी दोन चित्रपटांचा उल्लेख करणे भाग आहे. निकोलस रोग यांच्या १९७३ च्या ‘डोन्ट लुक नाऊ’मध्ये जुन्या चर्चच्या डागडुजीचे काम करणारा, मुलगी गमावलेला एक बाप व्हेनिसमध्ये येतो, आपल्याला दृष्टी आहे हे तो मान्यच करत नाही, आणि इंग्लंडला गेलेली बायको काळ्या कपड्यांत एका नावेत उभी दिसते तेव्हा ते आपल्याच अंत्ययात्रेचे आगाऊ दर्शन आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. स्टीफन किंग यांच्या कादंबरीवरील ‘द डेड झोन’ या १९८३ च्या चित्रपटातील शाळामास्तराला अपघातानंतरच्या दीर्घ बेशुद्धीतून उठल्यावर कोणाचाही हात हातात घेताच त्या माणसाचे भवितव्य दिसू लागते. पहिल्यात दृष्टी नाकारल्याने नाश होतो, दुसऱ्यात ती स्वीकारल्याने. हिंदीत १९९१ साली पार्थो घोष यांनी ‘१०० डेज’ काढला. त्यात माधुरी दीक्षित यांनी केलेल्या नायिकेला खुनाची दृश्ये आधीच दिसतात आणि पुढे घराच्या भिंतीतून सांगाडा निघतो. हे कथानक तमिळमधून हिंदीत आले आणि तमिळमध्ये ते एका इटालियन चित्रपटावरून गेले होते. भिंतीत चिणलेला देह आणि तो ज्याला दिसतो असा एकटा माणूस ही जोडी देशोदेशी इतकी टिकून आहे, याचे कारण उघड आहे. ज्या अन्यायाचा कागद नाही, साक्षीदार नाही आणि पोलिसांत नोंदही नाही, त्याला वाचा फोडण्याचे काम कथेत दृष्टान्ताकडे येते.

मराठी चित्रपटात दृष्टान्त आधी आला तो संतांबरोबर. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभात कंपनीसाठी १९३६ साली केलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये देहूचा एक वाणी देव पाहतो, आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवल्या गेलेल्या त्या चित्रपटातील चमत्कार त्या काळच्या प्रेक्षकांनी हात जोडून पाहिले. संताला होणारे दर्शन आणि टॉम विट्झ्कीला होणारा भास यांत कॅमेऱ्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. दोन्ही ठिकाणी एकालाच दिसते आणि बाकीच्यांना दिसत नाही. अंतर आहे ते आधाराचे. तुकारामांच्या दर्शनामागे विठ्ठल आहे, वारी आहे, शेकडो वर्षांची भाषा आहे, त्यामुळे त्या दर्शनाला काय म्हणायचे हे गावाला माहीत असते, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांच्याकडेही विरोधासाठी शब्द असतात. थरारपटातल्या माणसाजवळ यातले काहीच नसते. त्याला जे दिसते त्याला नाव नाही, ते कोणी पाठवले हे कळत नाही, आणि बायकोला सांगावे तर ती डॉक्टरकडे चल म्हणते. देव वजा झालेले दर्शन म्हणजे भीती, आणि या चित्रपटप्रकाराची सगळी ताकद त्या वजाबाकीतून आलेली आहे.

हा बदल मराठीत उशिरा झाला. २००४ साली एकाच वर्षात दोन भिन्न प्रकृतीचे चित्रपट आले. जतीन वागळे यांच्या ‘चकवा’मध्ये अतुल कुलकर्णी यांनी साकारलेल्या साध्या तरुणाला भास होऊ लागतात आणि त्या भासांमागचे रहस्य उलगडत जाते. केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये संजय नार्वेकर यांच्या नायकाला बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागते आणि त्यातून विनोद घडतो. पुढे सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ ही वेब मालिका २०२० साली आली. तिच्यातील कुमार महाजन या परिस्थितीने गांजलेल्या नोकरदाराला कळते की, आपल्या हातावरच्या रेषा दुसऱ्या एका माणसाच्या हाताशी तंतोतंत जुळतात आणि त्या माणसाचा भूतकाळ हाच आपला भविष्यकाळ आहे. त्या माणसाच्या रोजनिशीचे पान उलटले की उद्या काय घडणार ते समजते. स्वप्नील जोशी आणि नितीश भारद्वाज यांच्या या मालिकेत भूतखेत नाही, आणि तरी ती अस्वस्थ करते, कारण भविष्य कळल्याने ते टळत नाही हे तिच्यातील प्रत्येक भागात नव्याने सिद्ध होते.

हे चित्रपट वऱ्हाडात कसे पोहोचत आले, हेही थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चित्रपट व्यवसायात देशाचे वितरणासाठी जे विभाग पाडलेले आहेत त्यांना सर्किट म्हणतात, आणि विदर्भाचा समावेश असलेल्या सर्किटचे नाव आजही ‘सीपी बेरार’ आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड हा इंग्रजांनी १९०३ साली एकत्र केलेला प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले, पण वितरकांच्या वह्यांत जुना प्रांत जिवंत राहिला आणि अमरावती हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे बनले. लहान गावांच्या टॉकीजवर भिस्त ठेवून रामसे बंधूंनी जे भयपट काढले त्यांचा प्रेक्षक अशाच सर्किटमध्ये होता. त्या पडद्यावरील भूत हवेलीतले असे आणि हवेली कुठल्याही गावची नसे. वऱ्हाडातील प्रेक्षकाच्या घरात, शेतात आणि पोथीत अतींद्रियाची जी कल्पना होती तिचा त्या भुताशी काही संबंध नव्हता.

ती कल्पना समजून घ्यायची तर शेगावपासून सुरुवात करावी लागते. शेगावचे संत गजानन महाराज यांच्यावर संतकवी दासगणू महाराज यांनी १९३९ साली रचलेला, एकवीस अध्यायांचा ‘श्री गजानन विजय’ हा ग्रंथ अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील असंख्य घरांत पारायणाने वाचला जातो. त्यात १९०८ सालच्या अकोल्यातील शिवजयंती उत्सवाची कथा आहे. लोकमान्य टिळकांच्या त्या सभेला गजानन महाराज उपस्थित होते आणि टिळकांच्या हातांत बेड्या पडणार असे त्यांनी तेथेच सूचित केले, असे ग्रंथ सांगतो. टिळकांना त्याच वर्षी २४ जून रोजी मुंबईत अटक झाली, २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले, हा इतिहास आहे. भक्तांसाठी ही कथा श्रद्धेचा विषय आहे आणि तिचा तसाच आदर राखला पाहिजे. अभ्यासकाने मात्र एवढे लक्षात ठेवावे की, पोथी घटनेनंतर सुमारे तीन दशकांनी लिहिली गेली, आणि १९०८ च्या त्या दिवसांत, खुदीराम बोस यांच्या मुझफ्फरपूरच्या स्फोटानंतर धरपकड सुरू झालेली असताना, टिळकांवर सरकारची वक्रदृष्टी आहे हे जाणत्या राजकारण्यांना उमगण्यासारखे होते. टिळकांचे वऱ्हाडातील खंदे सहकारी, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे हे रोजच्या रोज रोजनिशी लिहीत, आणि १९१० ते १९१२ या काळात शिर्डीस साईबाबांच्या सहवासात त्यांनी केलेल्या नोंदी आज छापील उपलब्ध आहेत. घडले त्याच दिवशी लिहिलेले टिपण आणि आठवणीतून वर्षांनी रचलेली कथा यांचे वजन वेगळे असते. भाकिताच्या बाबतीत तर हा भेद निर्णायक ठरतो, कारण जे आधी लिहिले गेले नाही ते आधी कळले होते असे म्हणण्याला पुढे काहीच आधार उरत नाही.

संताचे भाकीत एका व्यक्तीच्या अधिकारावर टिकते. भेंडवळचे भाकीत एका शेतकरी घराण्याच्या परंपरेवर टिकलेले आहे, आणि म्हणून सामान्य माणसाच्या दृष्टान्ताशी ते अधिक जवळचे आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे चंद्रभान महाराज वाघ यांनी ही घटमांडणी सुरू केली असे मानतात, आणि तिला साडेतीनशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाजवळच्या एका शेतात गोलाकार घट आखला जातो. त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. त्यांत ज्वारी, तूर, मूग, उडीद, गहू, हरभरा यांच्याबरोबर वऱ्हाडची ओळख असलेली सरकी, म्हणजे कपाशीचे बी, असते. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, करंजी, कुरडई, सांडोळी, भजे, वडा व विडा. करंजी म्हणजे देशाची तिजोरी आणि विड्याचे पान-सुपारी म्हणजे राजा, असा संकेत आहे. रात्रभर त्या घटाकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी वाघ घराण्यातील वारसदार घटाचे निरीक्षण करतात: कोणते धान्य जागचे हलले, कोणते आत-बाहेर विखुरले, कोणते ढेकूळ किती भिजले, सुपारी सरकली की नाही. त्यावरून कोणत्या महिन्यात पाऊस कसा, कोणते पीक साधारण आणि कोणते चांगले, भावात तेजी की मंदी, देशावर संकट आहे काय, हे जमलेल्या शेतकऱ्यांना सांगितले जाते आणि त्याच दिवशी ते वऱ्हाडभर पसरते.

बाहेरच्या माणसाला हा भाबडेपणा वाटू शकतो. पण वऱ्हाडच्या जमिनीची रचना पाहिली की भाकिताची ही भूक कोठून आली ते समजते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून गेलेला मोठा भूभाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्याने विहीर खोदली तरी ते पाणी धड पिण्याच्या कामाचे नसते आणि पिकाला दिले तर काळी जमीन बिघडते. अशा ठिकाणी शेतकऱ्याचे वर्ष मृगाच्या एका पावसावर ठरते. पेरणी चार दिवस आधी केली तर बियाणे करपते, चार दिवस उशिरा केली तर हंगाम निसटतो, आणि दोन्ही वेळा सावकाराचे किंवा बँकेचे कर्ज तेवढेच राहते. वऱ्हाडने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पाहिले आहेत. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्या खात्याचे तत्कालीन प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मोसमी पावसाचा संबंध पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबाशी जोडून दाखवला, आणि १९६९ पासून अकोल्यात असलेले, पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ हवामानावर आधारित सल्लाही देते. तरीही खात्याचा दीर्घकालीन अंदाज सबंध देशासाठी किंवा मोठ्या प्रदेशासाठी सरासरीच्या टक्केवारीत असतो, आणि शेतकऱ्याला हवे असते ते आपल्या धुऱ्याच्या आतले उत्तर. भेंडवळचा घट ते उत्तर देत नाही. ‘जूनमध्ये साधारण, जुलैत चांगला’ असे विधान एखाद्या तालुक्यात खरे आणि शेजारच्या तालुक्यात खोटे ठरतेच. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या मांडणीला वारंवार आक्षेप घेतला आहे आणि तो आक्षेप बरोबर आहे: बियाणे निवडण्याचा निर्णय त्यावर सोपवणे धोक्याचे आहे.

येथे विज्ञान नेमके काय म्हणते ते पाहिले पाहिजे. खरे ठरलेले स्वप्न हा अतींद्रिय शक्तीचा सर्वांत लोकप्रिय पुरावा आहे, आणि तो बहुधा साध्या गणिताने सुटतो. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांहून थोडी अधिक होती. यांतील प्रत्येकाला जवळच्या माणसाच्या मृत्यूचे स्वप्न दहा वर्षांतून केवळ एकदा पडते असे गृहीत धरले, तरी वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे रोज रात्री सुमारे पाचशे माणसांना असे स्वप्न पडणार. त्यांपैकी एखाद्याच्या घरी दुसऱ्या दिवशी खरोखरच वाईट बातमी आली, तर ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते; उरलेली शेकडो स्वप्ने चहाबरोबर विसरली जातात. जे जुळले ते लक्षात ठेवणे आणि जे जुळले नाही ते सोडून देणे, या मनाच्या सवयीला मानसशास्त्रात पुष्टीचा कल म्हणतात. याशिवाय जाग आणि झोप यांच्या सीमेवर, अतिश्रमात, तीव्र शोकात किंवा मेंदूच्या काही विकारांत निरोगी दिसणाऱ्या माणसालाही समोर नसलेले दिसू शकते, आणि अशा माणसाला गरज असते ती मनोविकारतज्ज्ञाची. चाचणीच्या कसोटीवर उतरलेला दावेदार अजून सापडलेला नाही. अमेरिकेतील जेम्स रँडी यांनी दहा लाख डॉलरचे बक्षीस वर्षानुवर्षे खुले ठेवले होते, ते कोणालाही मिळाले नाही. नागपुरात १९८२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी जानेवारी २०२३ मध्ये, समोरच्याच्या मनातले ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका प्रसिद्ध दरबारापुढे ३० लाख रुपयांचे आव्हान ठेवले, तेव्हाही नियंत्रित चाचणी झाली नाही.

मग हे सगळे माहीत असलेले प्रेक्षकही थिएटरात बसल्यावर टॉम विट्झ्कीवर विश्वास का ठेवतात? याचे उत्तर चित्रपटाच्या तंत्रात आहे. कथा पात्राच्या डोळ्यांतून दाखवणे, म्हणजे जे त्याला दिसते तेच आणि तेवढेच पडद्यावर आणणे, याला व्यक्तिनिष्ठ चित्रण म्हणतात. दिग्दर्शक दृष्टान्ताची झलक क्षणार्धात दाखवून लगेच कापतो, ध्वनी मध्येच बंद करतो, रंग फिके करतो. त्यामुळे प्रेक्षकाला ते धड कळत नाही, पण ‘आपणही पाहिले’ ही खात्री मात्र होते. जीवनात दुसऱ्याचा दृष्टान्त आपण केवळ ऐकतो, चित्रपटात तो आपल्याला होतो, आणि एकदा तो आपल्याला झाला की अविश्वास दाखवणारे पोलीस, शेजारी आणि डॉक्टर हेच मूर्ख वाटू लागतात. या तंत्राचा परिणाम एवढा मोठा आहे की ते वापरणाऱ्यावर जबाबदारी येते. चांगला थरारपट ती जबाबदारी एका साध्या गोष्टीने पाळतो: त्याचा द्रष्टा आपल्या दृष्टीचा बाजार मांडत नाही. टॉम कोणाकडून दक्षिणा घेत नाही, शाळामास्तर दरबार भरवत नाही, कुमार महाजन भक्त जमवत नाही. दिसण्याची सगळी किंमत ते स्वतः मोजतात, संसार आणि नोकरी पणाला लावून मोजतात.

वऱ्हाडच्या संदर्भात हा मुद्दा कळीचा आहे, कारण येथे दिसण्याचा बाजार मांडणाऱ्यांची कमतरता नाही. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, कोरकू समाजात भुमका हा पुजारी आणि वैदू असतो. जंगलातील औषधींची त्याची माहिती मोलाची आहे, पण तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथाही तेथे आढळत आली आहे. आरोग्य विभागाने भुमकांनाच विश्वासात घेऊन रुग्ण दवाखान्यात आणण्याचे प्रयत्न केले, आणि तो मार्ग शहाणपणाचा आहे. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या नागपूर अधिवेशनात त्याचा कायदा झाला. आपल्या अंगी अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांच्या मनात भय निर्माण करणे किंवा सल्ला न मानल्यास वाईट परिणामांची धमकी देणे हा या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. वारी, कीर्तन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन आणि ज्योतिषाचा सल्ला मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. कायद्याने दिसण्याला हात लावलेला नाही. दिसण्याच्या नावाखाली घातलेल्या भीतीला लावला आहे. ही रेषा योग्य ठिकाणी ओढलेली आहे, आणि ती वऱ्हाडात कायद्याच्या फार आधी एका माणसाने आपल्या खराट्याने आखून दिली होती. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखत वाढलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून नवस, बळी, अंगात येणे आणि भगताची फसवणूक यांची चिरफाड केली. राजदत्त यांनी १९७७ साली काढलेल्या ‘देवकीनंदन गोपाळा’त डॉ. श्रीराम लागू यांनी ते कीर्तन पडद्यावर उभे केले आणि त्यातून, चमत्कारावर न विसंबता, संतपटाला वेगळी वाट मिळाली.

या पार्श्वभूमीवर मराठी थरारपटाने वऱ्हाडाकडे फिरवलेली पाठ खटकते. मराठी मनातली भुते बहुधा कोकणात राहतात. अलीकडच्या ‘तुंबाड’ आणि ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटांनीही मराठी अद्भुत शोधले ते कोकणातच. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने मात्र उसाचे शेत भयाचे ठिकाण होऊ शकते हे दाखवून दिले आणि तो चित्रपट पुढे हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा काढण्यात आला. दुसऱ्या बाजूला सतीश मनवर यांच्या २००९ च्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये वऱ्हाडी बोलीत एक अपशकुनी छाया आधीच आलेली आहे: शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर सोनाली कुलकर्णी यांची अलका आपल्या नवऱ्याच्या मनात काय चालले आहे या धास्तीने मुलालाच त्याच्या मागे पाळतीवर ठेवते. त्या धास्तीत अतींद्रिय काही नाही, पण पुढचे दिसणाऱ्या माणसाची सगळी तगमग आहे. या दोन चित्रपटांच्या मधोमध एक मोकळी जागा पडून आहे.

रात्री-अपरात्री शेतीपंपाची वीज सुरू करायला खांबावर चढणारा लाइनमन, रानडुकरांपासून तूर आणि पऱ्हाटी राखण्यासाठी मचाणावर जागल करणारा शेतमजूर, किंवा खारपाणपट्ट्यात गोडे पाणी दाखवण्यासाठी हाती काठी घेऊन फिरणारा पाणाड्या, यांतील कोणीही अशा चित्रपटाचा नायक होऊ शकतो. त्याला जे दिसेल ते हवेलीतले भूत नसावे. बनावट सातबारा, बुजवलेली विहीर, रातोरात नाहीसा झालेला सालदार यांपैकी काही असावे, म्हणजे दृष्टान्ताला अन्यायाशी जोडणारा या प्रकाराचा मूळ धागा येथील मातीत रुजेल. त्याने पाहिलेले खरे की खोटे, हा निवाडा प्रेक्षकावर सोडावा. पण तो माणूस गादी मांडून बसणार नाही आणि कोणाच्या गळ्यात ताईत बांधणार नाही, एवढी काळजी लेखकाने घ्यावी. अमरावती आणि अकोल्यातील एकांकिका स्पर्धांतून वऱ्हाडी बोलीत सकस लिहिणारी तरुण मंडळी पुढे येत आहेत. निर्मात्यांनी पुढचा भयपट कोकणात चित्रित करण्याआधी या मंडळींच्या संहिता मागवून वाचाव्यात.